खर्जातला अनाम माणूस

गाणे ऐकताना आपले लक्ष कुठे असते? आधी गायकाच्या आवाजाकडे, मग शब्दांकडे, मग मधल्या वाद्यांच्या तुकड्यांकडे. ताल आपोआप पायाला कळतो. या सगळ्यांच्या तळाशी एक जाड, घुमणारा स्वर चाललेला असतो. तो आहे हे सहसा ध्यानात येत नाही. थांबला की मात्र गाणे एकदम पोकळ वाटू लागते. कवितेत वृत्ताचे असेच असते. वृत्ताला कोणी दाद देत नाही, पण ते मोडले की मैफलीत चुळबुळ सुरू होते. पाश्चात्त्य सुगम संगीतात हे काम बेस गिटार करते. तिचे वय जेमतेम पाऊणशे वर्षांचे. त्यातली एका वादकाची कहाणी आज सांगायची आहे.

त्याआधी खर्जाची जबाबदारी उभ्या डबल बेसकडे होती. माणसाहून उंच असे हे वाद्य एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे दिव्यच. बरे, एवढे करून विजेच्या गिटारी आणि ड्रम यांच्या गलक्यात त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याला पडदे नाहीत. स्वराची नेमकी जागा बोटांना वर्षानुवर्षे शिकवावी लागे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ होता. पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५१ साली खांद्याला अडकवता येईल अशी, चार तारांची, पडदे असलेली विजेची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन'. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. कानापेक्षा छातीलाच हा स्वर आधी कळतो म्हणा ना!

वाद्य तयार झाले, पण त्याला बोलायला शिकवणारा अजून यायचा होता. तो आला डेट्रॉइट शहरात. जेम्स जेमरसन हे त्याचे नाव. १९३६ साली साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. लहानपणी काठीला रबर ताणून, ती वारुळात रोवून, हा मुलगा 'मुंग्यांना नाचवत' असे, अशी गोष्ट सांगतात. दक्षिणेतली असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी कामाच्या शोधात उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. १९५४ साली जेमरसनही मोटारींच्या या शहरात आला. तिथल्या शाळेत त्याच्या हाती डबल बेस लागला आणि लवकरच तो जॅझच्या क्लबांतून वाजवू लागला.

१९५९ साली बेरी गॉर्डी याने घरच्या मंडळींकडून ८०० डॉलर उसने घेऊन एक रेकॉर्ड कंपनी काढली. पुढे तीच 'मोटाऊन' म्हणून जगाला माहीत झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे एक साधे घर विकत घेऊन त्यातच स्टुडिओ थाटला. त्या लहानशा खोलीला वादक 'स्नेकपिट' म्हणत, म्हणजे सापांचा खड्डा. जिकडेतिकडे वायरींची वेटोळी! तिथले वादक स्वतःला 'फंक ब्रदर्स' म्हणवून घेत. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे यांच्या गाण्यांमागे हीच मंडळी असत.

जेमरसन १९६० च्या दशकारंभी डबल बेसवरून फेंडरच्या गिटारकडे वळला. उजव्या हाताचे फक्त पहिले बोट तो वापरी. मित्रांनी त्या बोटाला 'हुक' असे नाव ठेवले होते. गिटारीला गुळगुळीत वेष्टनाच्या जाड तारा, घोडीपाशी स्पंजाचा तुकडा. तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. मायक्रोफोनऐवजी गिटारची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेला जोडली जाई. त्यामुळे प्रत्येक स्वर स्वच्छ उमटे. १९६४ च्या 'माय गर्ल'च्या सुरुवातीला त्याचे मोजके स्वर ऐका, आणि मग १९६७ चे 'बर्नाडेट' ऐका. पहिल्यात तो शांत उभा आहे, दुसऱ्यात गायकाशी बोलतो आहे; पण त्याच्या बोलण्यावर बोलत नाही.

एवढे सारे झाले, तरी रेकॉर्डच्या वेष्टनावर या वादकांची नावे नसत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या गोव्याच्या वादकांची इथे आठवण व्हावी. संगीतकाराचे नाव पडद्यावर झळके, वाजवणारे हात अंधारातच राहत. जेमरसनचे नाव मोटाऊनच्या मोठ्या अल्बमवर ठळकपणे आले ते १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. पुढच्याच वर्षी कंपनीने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. जेमरसनही मागोमाग गेला, पण तिथल्या स्टुडिओंत त्याचा जम बसला नाही. दारूने शरीर पोखरले. १९८३ साली कंपनीचा पंचविसावा वर्धापनदिन थाटात साजरा झाला, तेव्हा तो मंचावर नव्हता, प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी २ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला.

नाव मिळाले ते नंतर. १९८९ साली ॲलन स्लट्स्की याने जेमरसनचे चरित्र लिहिले आणि त्याच पुस्तकात त्याच्या वादनाचे स्वरलेखन छापले. कामापुरते, घाईत वाजवलेले ते स्वर आता पाठ्यपुस्तक झाले. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदारांसाठी प्रथमच वेगळा सन्मान सुरू केला, त्या पहिल्या तुकडीत तो होता. २००२ साली फंक ब्रदर्सवर माहितीपटही निघाला.

आज जगात कुठेही एखादी मुलगी वा मुलगा बेस गिटार हातात घेतो, तेव्हा शिक्षक आधी एकच स्वर वाजवायला सांगतात: ढोलाच्या ठोक्याबरोबर, ना पुढे, ना मागे. मग त्या स्वराचा पंचम, मग वरचा षड्ज. हे जमले की मधल्या वाटा दिसू लागतात, आणि त्या वाटांवर जेमरसन भेटतोच. स्वरलेखन बघून बोटे कुठे ठेवायची ते कळते. केव्हा थांबायचे, हे मात्र दुसऱ्याचे ऐकूनच कळते. म्हणूनच हे वाद्य शिकणे म्हणजे निम्मे ऐकायला शिकणे आहे.

साथ करणाऱ्याने मागे राहावे, हा संगीताचा नियम योग्यच आहे. मात्र त्याचे नावही मागे राहावे, असा नियम कुठल्याच संगीताने केलेला नाही. तो व्यवहाराने केला. पुढच्या वेळी एखादे आवडते गाणे लागले, तर एकदा कान खाली झुकवून बघा. तिथे कोणीतरी वाजवतो आहे. त्याचे नाव विचारायला आपल्याला कितीसा वेळ लागतो?