बुलेटचं तेल जातं कुठे?

१९४९ साली इंग्लंडमधल्या रेडिच गावातून रॉयल एनफिल्डची नव्या बांधणीची ३५० सीसी बुलेट बाजारात आली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणजवळच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पण आमच्या कॅम्प ४ मध्ये आजही जुनी बुलेट उघडलेली दिसते, तेव्हा मला ही दोन सालं एकत्र आठवतात.

महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले. लष्कर गेलं, 'कॅम्प' हा शब्द राहिला. बुलेटही इकडे आली ती लष्करामुळेच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या गस्तीसाठी तिची निवड झाली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. इथे मात्र ते बिडाचं इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. त्यामुळे तुमच्या काकांनी १९९५ मध्ये घेतलेली बुलेट असेल, तरी तिच्या पोटात तेल फिरवायची पद्धत आजोबांच्या काळातली आहे.

आणि तिथेच घोळ होतो. आपण वाढलो पल्सर-स्प्लेंडरवर. त्यांत तेल इंजिनाच्या तळाशीच साठतं आणि तेच एक तेल इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना पुरतं. जुन्या बुलेटमध्ये तीन वेगळी घरं आहेत. इंजिनाचं तेल वेगळं, डावीकडच्या क्लच-चेनच्या कव्हरमधलं वेगळं, आणि चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्सात तर चक्क पातळ ग्रीस. एकात भरलं म्हणजे तिन्हीकडे पोहोचलं, असं इथे नाही.

इंजिनाच्या तेलाची टाकी इंजिनाच्याच ओतकामात, मागच्या बाजूला आहे. साधारण सव्वादोन लिटरची. टायमिंगच्या बाजूला दोन छोटे पंप आहेत. एक टाकीतलं तेल फिल्टरमधून क्रँकच्या बिग एंडला देतो, दुसरा खाली गळून जमलेलं तेल उचलून परत टाकीत टाकतो. परत आणणारा पंप मुद्दाम जास्त ताकदीचा, म्हणजे चालू इंजिनाच्या तळाशी तेल साचून राहत नाही. याला ड्राय सम्प म्हणतात. पंपात एक चकती स्प्रिंगच्या दाबाने घट्ट बसलेली असते. ती इकडून तिकडे हलते आणि तेलाची भोकं उघडते-मिटते. रबरी सील वगैरे काही नाही, धातूवर धातू. चकती नवी असते तोवर ठीक. झिजली की गाडी उभी असताना टाकीतलं तेल थेंबथेंब तळाशी उतरतं.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीतले एक काका बुलेट भंगारात काढायला निघाले होते. गाडी दोन-अडीच महिने उभी होती. डिपस्टिक कोरडी. त्यांनी तेल ओतलं, किक मारली, तर निळ्या धुराने गल्ली भरली आणि ब्रीदरच्या नळीतून तेल बाहेर. "गाडी तेल पितेय, इंजिन संपलं," असं त्यांना दोघांनी सांगितलं होतं. ज्या सिंधी मिस्त्रीकडे मी रविवारी बसतो, त्यांना मी विचारलं, "चाचा, इंजिन खरंच गेलं का?" त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. "पीत नाही रे, तेल खाली बसलंय."

त्यांनी इंजिनाखालचा सम्पचा नट उघडला. परात जवळजवळ भरली. तेल कुठे गेलंच नव्हतं, चुकीच्या जागी होतं. वर काकांनी भरच घातली होती.

म्हणून जुन्या बुलेटची डिपस्टिक थंड गाडीवर बघून उपयोग नाही. गाडी चार-पाच मिनिटं आयडलवर चालवा, परतीच्या पंपाला तेल उचलू द्या, बंद करा आणि मग बघा. फार दिवस उभी असेल तर किक मारण्याआधी सम्प रिकामा करा. धूरही वाचता येतो. चालू केल्यावर निघाला आणि थोड्या वेळात विरला, तर तळाशी बसलेलं तेल. अ‍ॅक्सिलरेटर दिला की सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की भपकारा, तर बहुतेक व्हॉल्व्हचे गाइड. पहिल्या आजाराला चकती काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून सपाट करणं पुरतं. बाकीच्या दोघांना खिसा लागतो.

तेल फिरतंय का, हे बघायला वर टॅपेटकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट आयडलवर जरासा ढिला करतात. तेल झिरपलं की पंप चालू. ही खूण चांगली, पण ती फक्त वरच्या मजल्याची, बिग एंडची खात्री देत नाही. आणि जीव तिथेच आहे. जुन्या बुलेटच्या बिग एंडला फिरता बुश असतो. तो तेलाच्या थरावर तरंगतो, थर तुटला की काही क्षणांत चिकटतो. फिल्टर बदलला की त्याची पोकळी तेलाने भरेपर्यंत खाली थेंब पोहोचत नाही. त्यामुळे ती आधीच तेलाने भरून घ्यायची, आणि पहिली काही मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा नाही. थंडीतल्या सकाळीही हाच नियम. गाडी चालू करून लगेच 'डग-डग' वाढवणाऱ्यांकडे चाचा ज्या नजरेने बघतात, ती इथे लिहिता येत नाही.

२६ जुलै २००५ ला वालधुनीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हाच्या गाड्यांबद्दल ते अजून बोलतात. तेलात पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं होतं. ज्यांनी वाळवून थेट किक मारली, त्यांची इंजिनं गेली. ज्यांनी तिन्ही घरं रिकामी केली, स्वस्त तेलाने दोनदा धुतली आणि फिल्टर फेकला, त्यातल्या काही गाड्या आजही लालचक्कीला दिसतात.

काढलेलं काळं तेल मात्र तेव्हा बहुतेकांनी गटारात ओतलं. गटार वालधुनीला मिळतं, वालधुनी उल्हास खाडीला. चाचांच्या दुकानात आता त्यासाठी निळा पिंप आहे. महिन्याअखेरीस टेम्पोवाला येतो आणि लिटरमागे पैसे देऊन घेऊन जातो. काकांच्या परातीतलं तेल स्वच्छ होतं, ते गाळून परत टाकीत गेलं.