खिळ्याविना उभा राहणारा मांडव

जत्रा म्हटली की मांडव आलाच. आज आम्ही सांगणार आहोत तो मांडव मात्र फार लांबचा आहे, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हाँगकाँगमधला.

तिथल्या कोळी लोकांची देवी तिन हाउ. समुद्रात सापडलेल्यांना ती तारते, अशी त्यांची श्रद्धा. चिनी पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात 23 व्या दिवशी तिचा जन्मोत्सव असतो. तेव्हा गावोगाव कँटोनीज ऑपेरा, म्हणजे तिथलं संगीत नाटक लावतात. नाटक आधी देवीसाठी, मग माणसांसाठी. म्हणून रंगमंचाचं तोंड देवळाकडे ठेवतात. तशी जागा नसेल, तर देवीलाच मांडवापाशी आणून बसवतात.

हा मांडव बांबूचा आणि लाकडी वाशांचा. जाड बांबूंचे खांब, बारीक बांबूंच्या आडव्या-तिरक्या पट्ट्या. खिळा कुठेच नाही, सगळी मदार गाठीवर. पूर्वी बांबूच्याच कामट्यांनी बांधत, आता नायलॉनच्या पट्ट्या आल्या. छपरावर पूर्वी चटया असत, आता पत्रे असतात. जुने कारागीर कागदावर नकाशा न काढता नजरेनं माप घेतात. पो तोइ नावाच्या बेटावर तर समुद्रालगतच्या खडकांवर हा मांडव उभारतात. उत्सव संपला की गाठी सोडायच्या आणि बांबू पुढच्या कामाला न्यायचे.

या मांडवांच्या इतिहासात दुःखही आहे. 26 फेब्रुवारी 1918 रोजी हॅपी व्हॅलीच्या घोड्यांच्या शर्यतीत प्रेक्षकांसाठी उभारलेले बांबू-चटयांचे मांडव कोसळले. खाली खाण्याच्या दुकानांच्या चुली पेटलेल्या होत्या. चटयांनी पेट घेतला आणि जवळपास 600 माणसं गेली. मैत्रिणींनो, जत्रेत आपल्या गटाचा भजी-वड्यांचा स्टॉल लागतो, तेव्हा हे ध्यानात ठेवूया. शेगडी मांडवाच्या कापडापासून लांब ठेवायची, वाळूची बादली हाताशी ठेवायची आणि बाहेर पडायची वाट मोकळी सोडायची.

आता बायांची गोष्ट. हाँगकाँगमध्ये पूर्वी बाई आणि पुरुष एका रंगमंचावर काम करू शकत नसत. पुरुषांचे संच वेगळे, बायांचे वेगळे. 1933 मध्ये ही बंदी उठली आणि दोघं एकत्र उभे राहिले.

2009 मध्ये युनेस्कोनं या नाटकाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. 2019 मध्ये शहरात चिनी संगीत नाटकासाठी मोठं, पक्कं नाट्यगृहही उघडलं. पण इमारतींच्या परांच्यांसाठी आता लोखंड पुढे येतंय. 2025 मध्ये तिथल्या सरकारनं नव्या सरकारी इमारतींच्या निदान निम्म्या कामांत धातूची परांची वापरायचं ठरवलं. कारागिराची रोजची रोजी इमारतींवर, देवीचा मांडव वर्षातून काही दिवस. रोजचं काम आटलं, तर पोरं ही गाठ कशासाठी शिकतील?

आपल्याकडेही सुपं, टोपल्या, कणगी विणणारे हात आहेत. त्यांचं नुसतं कौतुक करून भागणार नाही, त्यांना काम मिळालं पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढा एक विषय घ्या: गावात बांबूकाम कोणाला येतं, आणि यंदाच्या जत्रेत आपण त्यांच्याकडून काय विकत घेणार?