मिशिगन सरोवरातील ‘लिंडा ई’चा अंत

नौका बुडाली की दोष वादळाच्या माथी मारण्याची रीत सर्वत्र आहे. अमेरिकेतील मिशिगन सरोवरात दि. ११ डिसेंबर १९९८ रोजी ‘लिंडा ई’ ही मच्छिमारी नौका तिघा खलाशांसह नाहीशी झाली, तेव्हा मात्र आकाश निरभ्र होते व पाणी शांत. पोर्ट वॉशिंग्टन बंदरातून जाळी उचलावयास गेलेली ही ४२ फुटी पोलादी नौका संकटाचा एक शब्दही न पाठविता गेली. जून २००० मध्ये नौदलाच्या ‘डिफेंडर’ या सुरुंगशोधक जहाजास सुमारे २६० फूट खोलीवर तिचा भग्न सांगाडा सापडला.

तटरक्षक दलाने निष्कर्ष काढला तो असा की, ‘मिशिगन’ या नौकेने ढकलीत नेलेल्या, ४०० फुटांहून लांब अशा तेलवाहू बार्जने तिला चिरडले. धडक जाणवलीच नाही, असे त्या नौकेवरील मंडळींचे म्हणणे! ऐकणारास हे नवल वाटेल. पण आकारमानातील अंतर पाहता ते अशक्य नव्हे. तेथील मच्छिमारी नौका थंडीस्तव चोहोबाजूंनी आच्छादिलेल्या असतात; आत मासळी साफ करणारास बाहेरचे पाणी दिसतेच असे नाही. टेहळणीत दोन्ही नौका उण्या पडल्या, असे चौकशीत नमूद झाले.