मृताची आठवण : दुर्ग ते इनामगाव

मराठीतील षष्ठी विभक्ती एके ठिकाणी मोठी संदिग्धता निर्माण करते. ‘मृताची आठवण’ या शब्दांचा एक अर्थ मागे राहिलेल्यांनी मेलेल्या माणसाची काढलेली आठवण असा होतो आणि दुसरा, मेलेल्या माणसाजवळच शिल्लक राहिलेली आठवण, म्हणजे आपले घर, आपली माणसे आणि आपल्या अपुऱ्या इच्छा यांचे त्याला उरलेले भान, असा होतो. मरणोत्तर जाणिवेविषयीची तात्त्विक चर्चा बहुधा दुसऱ्या अर्थाभोवती फिरते. चार्वाकांनी, किण्वातून जशी मादकता तसे देहातून चैतन्य उपजते आणि देहाबरोबरच नाहीसे होते, असे मत मांडले. वेदान्त्यांनी मन, इंद्रिये आणि पूर्वसंस्कार यांचा मिळून झालेला लिंगदेह, म्हणजे स्थूल शरीर जळाल्यानंतरही पुढे जाणारा सूक्ष्म देह, मानला. परंतु छत्तीसगडच्या मैदानापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात माणसांनी आपल्या मृतांचे जे केले, त्याकडे पाहता असे दिसते की मृताला भान उरते की नाही हा येथील व्यवहारापुढचा प्रश्न फारसा नव्हताच. ते उरते हे गृहीत धरून, ते किती काळ टिकू द्यायचे आणि कोणी सांभाळायचे, एवढेच ठरवायचे होते.

या पट्ट्याच्या पूर्व टोकाला दुर्ग-भिलाई ही जुळी शहरे आहेत. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी छत्तीसगड जिंकताना दुर्गलाच तळ केला होता, आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्गचा कारभार ज्या प्रांतातून चाले त्याची राजधानी नागपूर हीच होती. भिलाईची ओळख १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची. त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली आणि तिला खनिज पुरवले ते दल्ली-राजहराच्या खाणींनी. या खाणी आज ज्या बालोद जिल्ह्यात आहेत (तो २०१२ मध्ये दुर्गमधून वेगळा झाला), त्याच जिल्ह्यात धनोरा, करकाभाट आणि सोरर या गावांच्या शिवारांत महापाषाणीय दफनभूमी पसरलेल्या आहेत. महापाषाण म्हणजे मृताच्या अस्थींवर किंवा त्याच्या स्मरणार्थ उभे केलेले वा वर्तुळात मांडलेले मोठे दगड. ते उभारणारे लोक लोखंड वापरणारे होते. धनोऱ्याच्या सुमारे ५०० दगडी स्मारकांची पाहणी मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५६-५७ मध्ये केली, म्हणजे दुर्ग आणि नागपूर यांच्यामध्ये राज्याची सीमा पडली त्याच हंगामात. करकाभाट येथे पुढे अरुणकुमार शर्मा यांनी उत्खनन केले.

हीच परंपरा सीमेच्या अलीकडे विदर्भात अधिक तपशिलाने वाचता येते. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील सुमारे ३०० शिलावर्तुळांकडे रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याचे लक्ष १८६० च्या दशकातच गेले होते. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड, भागीमोहारी या स्थळांचे उत्खनन शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील या वर्तुळांत माणसाच्या अस्थी अनेकदा अर्धवटच सापडतात, कारण देह आधी अन्यत्र विसर्जित करून निवडक हाडे नंतर पुरण्याची, म्हणजे दुय्यम दफनाची, रीत होती. त्यांच्याबरोबर काळी-तांबडी भांडी, लोखंडी कट्यारी आणि कुऱ्हाडी, अकीकाचे मणी, आणि विशेष म्हणजे घोडे सापडतात. घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे साज आणि लगामही त्यांच्यासोबत ठेवलेले असत. ज्या समाजात लोखंड आणि घोडा या दोन्ही गोष्टी महाग होत्या, त्याने त्या मातीखाली घालाव्यात याचा सरळ अर्थ असा, की हाडांची जुळणी अपुरी असली तरी ज्याला त्या दिल्या तो माणूस मात्र अपुरा मानलेला नव्हता. आपली कट्यार कोणती आणि आपला घोडा कोणता हे त्याला अजून ओळखता येत होते. यावर, या वस्तू मृतासाठी नसून जमलेल्या जिवंतांपुढे कुळाची ऐपत मिरवण्यासाठी होत्या, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटाही नाही. परंतु मिरवण्यासाठी घोडा मारणे पुरेसे होते, त्याला साज चढवून मालकाशेजारी निजवण्याची गरज नव्हती.

पट्ट्याच्या पश्चिम टोकाचा पुरावा याहून जुना आणि याहून चमत्कारिक आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत जे उत्खनन केले, त्यात इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली आणि अडीचशेहून अधिक दफने मिळाली. लहान मूल गेले तर त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवे, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उत्तर-दक्षिण निजवत. परंतु त्याआधी त्याची पावले घोट्याखाली तोडून टाकत. मृताने उठून चालू नये, भूत होऊन परतू नये, यासाठी ही योजना असावी असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे, आणि त्याहून अधिक पटणारा तर्क अद्याप पुढे आलेला नाही.

या तर्कात एक गाठ आहे, ती मात्र सहसा सोडवली जात नाही. ज्याच्या परतण्याची भीती वाटते त्याला गावाबाहेर, नदीपलीकडे न्यावे. इनामगावकरांनी तर त्याला घरातच, चुलीपासून हाताच्या अंतरावर ठेवले. म्हणजे त्यांना मृत नकोसा झालेला नव्हता. त्याने घर विसरावे असे त्यांना वाटत नव्हते, उलट त्याने घरातच असावे अशी त्यांची इच्छा होती. फक्त त्याने घरभर हिंडू नये, एवढाच अडसर त्यांनी घातला. मुलांची पावले तोडलेली नाहीत, कारण बहुधा मुलाच्या गाठीशी परत येऊन मागावे असे काही साठलेले नसते. आणि वस्तीतल्या सर्वांत मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला सुमारे चाळिशीचा जो पुरुष सापडला, त्याचीही पावले शाबूत आहेत. ढवळीकरांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानले. तसे असेल तर त्याला हिंडण्याची मुभा होती आणि त्याचे मरणोत्तर भान वस्तीला उपकारक वाटत होते, असे म्हणावे लागते. थोडक्यात, मृताच्या जाणिवेची मोजमापे वय आणि दर्जा पाहून ठरत होती.

मध्ययुगात गावोगाव उभ्या राहिलेल्या वीरगळांनी, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या स्मारकशिळांनी, हा प्रश्न निकालातच काढला. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांनी वर नेले जाणे, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा: वीर कोठे गेला आणि तेथे काय करतो हे ठरून गेले, आणि त्याने मागे वळून पाहण्याचे कारण उरले नाही.

गोंड समाजात मात्र तो प्रश्न अखेरपर्यंत जिवंत राहिला आणि त्याचे जे उत्तर तेथे दिले गेले ते सूक्ष्मतेत कोणत्याही दर्शनाच्या बरोबरीने ठेवण्याजोगे आहे. आदिलाबादच्या, म्हणजे यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या डोंगराळ भागातल्या राजगोंडांचा अभ्यास करणारे ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की हे लोक माणसाचे दोन भाग मानतात. एक ‘जीव’, म्हणजे निव्वळ प्राणशक्ती, जी ईश्वराकडे परत जाते आणि पुन्हा एखाद्या देहात येऊ शकते. आणि दुसरा ‘सनाल’, म्हणजे मेलेल्या माणसाचे व्यक्तित्व, जे पुन्हा जन्म घेत नाही तर कुळातील पूर्वजांत आणि कुळदेवाच्या सान्निध्यात जाऊन राहते. पुनर्जन्म मानणाऱ्याला पूर्वीची आठवण का राहत नाही, या शास्त्रीपंडितांना छळणाऱ्या कोड्याचा येथे निरासच होतो, कारण जो पुन्हा जन्मतो त्याच्याजवळ आठवण मुळात दिलेलीच नाही; ती ज्याच्याजवळ आहे तो जन्माला येत नाही.

अर्थात सर्वत्र अशी काटेकोर वाटणी नव्हती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात गोंडांचे दोन आचार नमूद आहेत. पहिल्यात घरचे लोक नदीवर जाऊन मृताचे नाव घेऊन हाक मारतात, पाण्यातला मासा पकडून घरी आणतात आणि त्याला पितरांत बसवतात. कोठे कोठे तो मासा खातात, म्हणजे गेलेला माणूस पोटी पुन्हा जन्मेल अशी समजूत असते. दुसऱ्यात प्रेताच्या अंगावर काजळीची खूण करतात आणि पुढे तशी जन्मखूण घेऊन मूल आले तर गेलेलाच परत आला असे मानतात. पहिल्या विधीतील मर्म हाक मारण्यात आहे: मृताला आणखी काही आठवत असो वा नसो, आपले नाव आठवते, आणि त्या नावाने बोलावले तर तो ओळख देतो.

मराठी घरांतील अंत्यविधीतही, तो स्मृतिग्रंथांच्या चौकटीत बसवलेला असूनही, हीच जुनी भाषा ऐकू येते. स्मशानात मडके फोडण्यासाठी वापरलेला दगड, ज्याला संस्कृतात अश्मा आणि मराठीत जीवखडा म्हणतात, दहा दिवस जपून ठेवला जातो, त्यावर तिलांजली दिली जाते आणि दहाव्या दिवशी त्याचे विसर्जन होते. महापाषाणाचे ते मुठीत मावणारे आणि दहा दिवसांच्या मुदतीचे रूप आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण दोहोंमधील दुवा दाखवणारा पुरावा नसल्याने तो आवरलेला बरा. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताला, म्हणजे देह सुटलेल्या पण पितर न झालेल्या जीवाला, एकेक अवयव मिळतो. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही तर आप्त एकेक करून बोलू लागतात: मुलीचे लग्न करून देऊ, घर मोडू देणार नाही, आईला सांभाळू. वासना अडकली आहे असे तेव्हा म्हणतात, आणि वासना म्हणजे येथे अपुऱ्या राहिलेल्या कामाची आठवणच असते. तरीही कावळा न शिवल्यास दर्भाचा कावळा करून शिववतात. मृताच्या आठवणीला उत्तर देण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाल्यावर ते प्रकरण विधीपुरते बंद करण्याची ही व्यवहारी सोय आहे.

बाराव्या दिवशी सपिंडीकरण होते, म्हणजे प्रेताचा पिंड पूर्वजांच्या तीन पिंडांत मिसळला जातो. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या विधीचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांनाच श्राद्धात नावाने आणि गोत्राने पिंड मिळतो; नवा माणूस आत आला की सर्वांत जुना त्या ओळीतून बाहेर पडतो आणि पिंड वळताना हाताला चिकटलेल्या लेपाचा, अवशेषाचा, तेवढा वाटेकरी उरतो. शास्त्रकारांनी मृताचे नाव किती काळ जिवंत ठेवायचे याची मुदत इतक्या स्वच्छपणे घालून दिली, आणि ती जिवंत माणसाच्या प्रत्यक्ष ओळखीच्या आवाक्याशी जुळते, कारण पणजोबांच्या पलीकडचा पूर्वज सहसा कोणी पाहिलेला नसतो. ज्यांची तिथीही आठवत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. ही अमावास्या ज्यात येते त्या पितृपंधरवड्याला दुर्ग-भिलाईकडे ‘पितर पाख’ म्हणतात. घरापुढे सारवून चौक रेखाटतात, फुले ठेवतात आणि उडदाचा ‘बरा’ करतात, जो मराठी घरांतल्या श्राद्धाच्या वड्याचाच सख्खा भाऊ आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाकडे प्रयोगशाळेच्या शिस्तीने पाहण्याचा प्रयत्न झाला आणि त्याचे एक केंद्र नागपूर होते. १९७४ मध्ये तेथील एक सुशिक्षित मराठी स्त्री मधूनमधून बंगाली बोलू लागली, आपले नाव शारदा सांगू लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बंगालची वर्णने करू लागली. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला आणि स्टीव्हन्सन यांनी १९८४ च्या ग्रंथात तो मांडला. तिला बंगालीचा काही परिचय आधीपासून होता, हा आक्षेप भाषाशास्त्रज्ञांनी घेतला आणि तो वजनदार आहे. स्टीव्हन्सन यांनी १९९७ मध्ये जन्मखुणांवर दोन खंड प्रसिद्ध केले. गोंडांची काजळी आणि या खंडांतील छायाचित्रे यांच्यामागची अपेक्षा एकच आहे. फरक इतकाच की गोंड कुटुंबाला कोणाची खात्री पटवायची नव्हती, तर घरात आलेल्या मुलाला कोणत्या नात्याने वागवायचे ते ठरवायचे होते.

दुर्गच्या दक्षिणेला, बस्तरमध्ये, माडिया लोक आजही मृतांसाठी उभे स्तंभ रोवतात. पूर्वीच्या लाकडी खांबांवर स्वार, नर्तक आणि गव्याच्या शिंगांचे मुकुट कोरलेले असत. अलीकडचे खांब पुष्कळदा दगडाचे किंवा सिमेंटचे असतात, त्यांवर मोटारसायकल किंवा विमान काढलेले असते, आणि चित्राखाली मृताचे नाव आणि मृत्यूची तारीख देवनागरीत रंगवलेली असते.