दफ्तर, ड्राइव्ह आणि ३२,७६८ तास
(थ्रेड)

१/ गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर १८४४ साली गडकऱ्यांनी उठाव केला. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती आज मूळ मोडी कागद क्वचितच येतो. येते ते त्याचे छायाचित्र, आणि ते बहुधा एखाद्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, साठवलेले असते. कसर, वाळवी, ओल हे कागदाचे शत्रू सर्वांना ठाऊक आहेत. या नव्या दफ्तराचे शत्रू कोणते? 🧵

२/ आरंभ जपानचा. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये आला. १९९१ मध्ये सनडिस्कने (पुढची सॅनडिस्क) आयबीएमसाठी फ्लॅशवर चालणारा ड्राइव्ह बनवला. क्षमता अवघी २० मेगाबाइट, किंमत सुमारे १,००० डॉलर. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा, जन्माने भारतीय.

३/ फ्लॅशची एक विचित्र खोड आहे. लिहिता येते पानापानाने, पुसावे मात्र लागते पानांचा अख्खा गठ्ठा. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक ती झिजते. म्हणून कोणता मजकूर कोठे ठेवला याची नोंद सतत बदलत राहते. ही नोंद ठेवतो तो ड्राइव्हमधील अंतर्गत प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर. पेशवे दफ्तरातील रुमाल जागच्या जागी आहेत, पण कोणत्या रुमालात काय हे सांगणारी यादीच हरवली, अशी कल्पना करावी. फर्मवेअर बिघडले की नेमके हेच होते.

४/ ऑक्टोबर २००९. इंटेलने आपल्या एक्स२५-एम ड्राइव्हसाठी नवे फर्मवेअर दिले. विंडोज ७ मधील ‘ट्रिम’ या सोयीचा लाभ मिळावा हा हेतू. परंतु अद्ययावत केल्यावर काहींचे संगणक सुरूच होईनात. इंटेलने ते फर्मवेअर तातडीने मागे घेतले आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये दिली.

५/ मग अद्ययावत करूच नये का? जानेवारी २०१२ चे उदाहरण याच्या उलट आहे. क्रुशियलचा एम४ ड्राइव्ह ५,१८४ तास, म्हणजे बरोबर २१६ दिवस चालला की अडखळू लागे. त्यानंतर सुरू केल्यावर तासाभरात पुन्हा तेच. माहिती शाबूत असे. येथे उपाय नव्या फर्मवेअरचाच होता.

६/ सर्वांत भीषण प्रकरण नोव्हेंबर २०१९ चे. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केले की त्यांचे काही एसएसडी ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, कायमचे बंद पडतील. ना ड्राइव्ह वाचेल, ना माहिती. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. १६ बिटांच्या चिन्हयुक्त गणकात ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही, हे पाहिले की रोगाचे मूळ कोठे असावे याचा अंदाज येतो. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांचा असाच दुसरा दोष उघड झाला.

७/ यातील खरी मेख वेगळीच. एका वेळी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी मरणार. एक गेला तर दुसरा सांभाळेल म्हणून जोडीने ठेवलेल्या प्रतीही त्याच घटकेला जाणार. एकाच घडणीच्या दोन प्रती म्हणजे दोन स्वतंत्र प्रती नव्हेत.

८/ आता साधनचिकित्सा. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटने एसएसडी बंद पडतात अशी आवई जपानमधून जगभर पसरली. फायसन या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने ४,५०० हून अधिक तास चाचण्या घेतल्या. दोष पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही संबंध आढळला नाही. अपडेटनंतर बिघडले म्हणून अपडेटमुळेच बिघडले असे ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते. हा नियम बखरींना लागू, तसाच यंत्रांनाही.

९/ मग प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे?
• प्रथम त्या ड्राइव्हवर काहीही नवे लिहिणे थांबवावे. फॉरमॅटचा सल्ला संगणकाने दिला तरी मानू नये.
• संगणक पूर्ण बंद करून वीज तोडावी, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावा. ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतो का ते पाहावे.
• न दिसल्यास केबल, खाच वा दुसरा संगणक वापरून पाहावा.
• दिसत असल्यास आधी संपूर्ण प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवावी. दुरुस्ती नंतर.
• ड्राइव्हचा नेमका नमुना आणि फर्मवेअरचा क्रमांक टिपून निर्मात्याची सूचना शोधावी. नाव सारखे असले तरी दुसऱ्या नमुन्याचे फर्मवेअर चढवू नये.
• ‘ट्रिम’ चालू असल्यास पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी. म्हणून अपडेटपूर्वीची प्रत हाच खरा उपाय.

१०/ १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. शिवकाळाचे मध्यवर्ती दफ्तर आज आपल्यापाशी नाही. तरीही तो काळ मुका झाला नाही, कारण सनदा, महजर, निवाडापत्रे गावोगावच्या देशमुख, देशपांडे, कुलकर्ण्यांच्या घरांत विखुरलेली होती. वि. का. राजवाड्यांनी पायपीट करून जुनी दफ्तरे धुंडाळली, ती अशाच घरांतली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच ध्यासातून.

११/ मध्यवर्ती दफ्तर नष्ट होऊनही इतिहास वाचला, तो विखुरलेल्या प्रतींमुळे. मोडी कागदांची छायाचित्रे ज्याच्यापाशी आहेत, त्याने एक प्रत एसएसडीवर, दुसरी वेगळ्या जातीच्या ड्राइव्हवर आणि तिसरी दुसऱ्या गावी ठेवावी. अपडेटचे बटण त्यानंतरच दाबावे.

लेखनसीमा.