‘आळस’ म्हटले गेलेले दुःख

डिसेंबर उजाडला की सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीची वर्दळ वाढते. उबदार कपडे, चादरी, मुलांसाठी नाताळचे नवे कपडे. आपल्या घरांतून करंज्या तळल्या जातात, गव्हाणीचा देखावा मांडला जातो, दारावर चांदणी लागते. त्याच दिवसांत एखाद्या घरातील कोणी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहते. झोपून झोप पुरत नाही, माणसे नकोशी होतात, मिस्सेला जाण्याचा धीर होत नाही. घरचे म्हणतात, “थंडीचा आळस, दुसरे काय!” धर्मशिक्षणात सात मूळ पातके पाठ केलेल्या माणसाला तर यादीतील शेवटचे नाव लगेच आठवते. परंतु त्या नावाचा इतिहास तपासला, तर त्या जागी एके काळी आळस नव्हता, दुःख होते असे आढळते.

ही यादी मुळात इजिप्तच्या वाळवंटात तयार झाली. चौथ्या शतकात तेथे तपाचरण करणाऱ्या इव्हाग्रिअसने मनाला ग्रासणारे आठ विचार सांगितले. त्यांत दुःख हा एक आणि ‘अकेडिया’ हा दुसरा. अकेडिया म्हणजे मनाचे विझून जाणे. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो, सूर्य जागचा हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो, कोठडी आणि काम दोन्ही नकोसे होते, असे तो लिहितो. स्तोत्रातील भर दुपारी छळणारा तो हाच, असे त्या संन्याशांचे मत. सोलापूरकराला मे महिन्याच्या दुपारी हे वर्णन समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणजे या व्याधीचे पहिले निदान झाले ते रणरणत्या उन्हात. थंडीशी तिचे नाते पुढे जोडले गेले.

इव्हाग्रिअसचा शिष्य जॉन कासियन याने हे विचार पश्चिमेकडे नेले. अकेडियावर उपाय म्हणून तो हातांच्या कामाची महती सांगतो. त्याने दिलेली पौल नावाच्या संन्याशाची कथा विणकरांच्या या शहरात विशेष रुचावी. पौलाची कोठडी बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर. तेथवर माल नेण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त. तरीही तो रोज खजुरीच्या पानांचे ठरावीक काम करी आणि वर्षअखेरीस साठलेले सारे जाळून पुन्हा आरंभ करी. त्याला विक्री नको होती, मनाला आधार हवा होता.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी यांनी आठांची सात पातके केली. त्यांच्या यादीत ‘दुःख’ राहिले आणि अकेडिया त्यातच सामावली. पुढील शतकांत दुःखाचे नाव मागे पडले, अकेडिया पुन्हा वर आली आणि लोकांच्या बोलीत तिचा अर्थ हळूहळू कामचुकारपणा असा झाला. मराठीत ती ‘आळस’ होऊनच पोहोचली. शब्द बदलला तसा माणसाकडे पाहण्याचा डोळाही बदलला, आणि ज्याची विचारपूस करायची त्याची झाडाझडती होऊ लागली.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस मात्र याबाबत फार समंजस वाटतात. दुःखावर ते पाच उतारे सांगतात: सुखद गोष्टी, मोकळे रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि झोप व स्नान. एवढा थोर तत्त्वज्ञ ऊन पाण्याच्या घंगाळाला प्रार्थनेच्या पंक्तीला बसवतो, ही मला त्यांच्या ग्रंथातील अत्यंत मानवी जागा वाटते. संत इग्नासचा सल्लाही ध्यानात ठेवावा असा: मन उजाड असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये.

थंडीचा संबंध वैद्यकाने जोडला. एकोणिसाव्या शतकात एस्किरोल या फ्रेंच वैद्याने दर हिवाळ्यात खिन्न होणाऱ्या एका रुग्णाला थंडीआधीच इटलीस जाण्यास सांगितले होते. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचे रीतसर वर्णन केले. उजेडाची कमतरता हे त्याचे प्रमुख कारण समजले जाते. वैद्याच्या सल्ल्याने सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणे हा त्यावरील एक मान्य उपचार. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो; तेथे वा कॅनडात गेलेल्या आपल्या मुलांना हे ठाऊक असलेले बरे. सोलापुरात मात्र वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. येथे सूर्याला दोष देता येत नाही. माझ्या मते येथील हिवाळी खिन्नतेचे मूळ बरेचदा सणातच असते: जेवणाच्या पंगतीतील रिकामी जागा, परगावी गेलेला मुलगा, सुटलेली नोकरी. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६०च्या दशकात बंद पडली, पुढे इतर मोठ्या गिरण्याही गेल्या. भोंगा थांबल्यावर घरी बसलेल्या किती कामगारांना ‘आळशी’ हे विशेषण ऐकावे लागले असेल!

या शहराने थंडीच्या ऐन मध्यावर माणसाला घराबाहेर काढण्याची सोय मात्र पूर्वीच करून ठेवली आहे. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीचा तिळगूळ, आणि श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. आपल्या घरांतील मुलेही गड्ड्यावरच्या पाळण्यात बसलेली असतात. त्याने रोग जात नाही, हे खरे. पण अक्वायनसच्या यादीतील दोन-तीन उतारे तेथे एकत्र मिळतात.

ख्रिस्तसभेनेही आपला डोळा पुन्हा बदलला आहे. १९१७च्या धर्मविधानात जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३च्या विधानातून ती बंदी वगळली गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की गंभीर मानसिक विकाराने अशा माणसाची जबाबदारी कमी होते, आणि त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. हे मात्र मागे उरलेल्यांसाठी. जे अजून भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, त्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ असे वाटत असेल तर धर्मगुरूंच्या बरोबरीने मनोविकारतज्ज्ञही गाठावा; जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी आले, तर त्याच दिवशी. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवाही चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते.