मांजराने खारीचं पिल्लू तोंडात धरून आणलं, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं?

सकाळची गडबड. कुकरच्या शिट्ट्या सुरू, खाली स्कूल व्हॅनचा हॉर्न, आणि तेवढ्यात घरातली मनी गॅलरीतून आत येते. तोंडात काहीतरी वळवळतंय. कुणी ओरडतं, कुणी झाडू शोधतं, आजी म्हणते, "आधी त्याला पाणी पाजा!"

मोकळं हिंडणारं मांजर ज्या घरात आहे, तिथे हा प्रसंग कधी ना कधी येतोच. कधी खारीचं पिल्लू असतं, कधी बुलबुल, कधी शिंजीर, कधी सरडा, तर कधी नुसतीच सापसुरळी. अशा वेळी प्रत्येकाला त्या जिवाला वाचवायचंच असतं. पण घाईघाईत केलेले काही उपाय नेमके त्याच्या मुळावर येतात.

पोट भरलेलं असूनही मांजर शिकार का करतं?

कारण मांजराची शिकार फक्त भुकेवर चालत नाही. हलणारी छोटी वस्तू दिसली की दबा धरायचा आणि झडप घालायची, ही त्याची उपजत सवय. म्हणून वाटीभर दूध-पोळी खाऊन उठलेलं मांजरही चिमणीच्या मागे जातं. त्याला रागावून, मारून काही उपयोग नाही. आपलं काय चुकलं हे त्याला कळत नाही, उलट पुढच्या वेळी ते शिकार घेऊन पलंगाखाली दडून बसतं.

पहिलं काम: तोंडातून सोडवणं

मांजराच्या मागे धावू नका. पाठलाग केला की ते जबडा आणखी घट्ट करतं. शिकार ओढायचाही प्रयत्न नको, दात जास्त खोल रुततात.

- मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, टीव्ही आणि पंखा बंद करा.
- मांजराच्या आवडीचं खाणं त्याच्यासमोर ठेवा. बऱ्याचदा ते शिकार खाली टाकतं.
- टाकल्याबरोबर मांजराला उचलून दुसऱ्या खोलीत कोंडा.
- मग त्या जिवावर सुती कापड किंवा ओढणी टाका आणि कापडासकट अलगद उचला. उघड्या हाताने धरू नका.

साप असेल तर यातलं काहीही करू नका. खोलीचं दार लावून घ्या, दाराखालच्या फटीला कापड लावा आणि सर्पमित्राला बोलवा.

"रक्त नाही, म्हणजे वाचलं" हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज

मांजराचे सुळे सुईसारखे असतात. भोक इतकं बारीक पडतं की पिसांत किंवा केसांत ते दिसतच नाही. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. ते रक्तात शिरले तर छोटा पक्षी किंवा खार एक-दोन दिवसांत दगावू शकते. संध्याकाळी टुणटुणीत दिसणारं पाखरू सकाळी मेलेलं सापडतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

म्हणून नियम साधा आहे. मांजराच्या तोंडात गेलेल्या प्रत्येक पक्ष्याला आणि खारीला, जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवायचं. अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर वाचण्याची शक्यता वाढते. मात्र घरातल्या गोळीचा तुकडा अंदाजाने देऊ नका. वीस-तीस ग्रॅमच्या जिवाला तेवढाही जास्त होतो.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकणाला भोकं पाडा, तळाला जुना सुती कपडा अंथरा. कापूस नको, नखं त्यात अडकतात. गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. झाकण लावा आणि खोका शांत, अंधाऱ्या जागी ठेवा.

मग सगळ्यात अवघड गोष्ट करा: हात लावू नका. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहणं, फोटो काढणं, रील बनवणं या सगळ्याने तो जीव आणखी घाबरतो. त्याच्या दृष्टीने माणूससुद्धा शिकारीच असतो.

दूध, भात, पोळी काहीही भरवू नका. चोचीत पाण्याचे थेंब सोडले तर पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. गाईचं दूध खारीच्या पिल्लालाही मानवत नाही.

पिल्लू मांजराने पकडलेलंच नसेल तर?

कधीकधी पिल्लू नुसतंच खाली पडलेलं असतं. अंगावर पिसं आहेत आणि ते टुणटुण उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय. त्याला जवळच्या झुडपात ठेवा, मांजराला घरात कोंडा आणि लांबून लक्ष ठेवा. आई-बाप आसपासच असतात. उघडंबोडकं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल, तर ते घरट्यात परत ठेवता येतं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हे खरं नाही.

फोन कुणाला करायचा?

महाराष्ट्रात वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे, नंबर १९२६. पुण्यात बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांसाठी उपचार केंद्रं आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करतंय. इतर ठिकाणी मनीचे नेहमीचे डॉक्टर किंवा गावातले सर्पमित्र पुढचा रस्ता सांगू शकतात.

"बरं झालं की आपणच पाळू" हा मुलांचा हट्ट मात्र पुरवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित वन्य प्राणी किंवा पक्षी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा पोपटसुद्धा याच कायद्याखाली येतो.

घरच्यांचं काय?

सोडवताना मांजर, खार किंवा वटवाघूळ चावलं, ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस घ्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. हळद, चुना लावून वाट पाहू नका. मनीचं रेबीजचं लसीकरण चुकवू नका.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये ३५५ मांजरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मांसातल्या प्रथिनांचं भरपूर प्रमाण असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. रोज ५ ते १० मिनिटं मांजराशी खेळल्यावर त्या २५ टक्क्यांनी घटल्या. गळ्यातल्या घंटीचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही.

म्हणजे संध्याकाळी घरातल्या कुणीतरी दोरीला पीस बांधून मनीला दहा मिनिटं पळवलं, तरी बराच फरक पडतो. त्यासोबत आणखी काही गोष्टी करता येतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजराला घरातच ठेवायचं. गॅलरीला जाळी बसवायची. कुंडीत बुलबुलाने घरटं केलं असेल, तर पिल्लं उडून जाईपर्यंत गॅलरीचं दार लावून घ्यायचं. नसबंदी करून घ्यायची, म्हणजे नको असलेली पिल्लं रस्त्यावर येत नाहीत.

आणि १९२६ हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा. मनी तोंडात काही घेऊन आली, की तो शोधत बसायला वेळ नसतो.